वहिनीनं आवरलेली खोली

भाचीचा सिनेमा पाहिलेली माणसं अजून मला रस्त्यात गाठतात. "त्यातली आई म्हणजे तुमची वहिनीच ना? खरंच एवढी कोरडी होती का हो?" वहिनी होती तोवर मी हसून वेळ मारून न्यायचे. आता ती नाही, आणि हा प्रश्न ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तेव्हा काय घडलं ते एकदाच नीट सांगून टाकते. मी नणंद आहे. वहिनीची फुकटची तारीफ माझ्याकडून व्हायची नाही, एवढी खात्री बाळगावी.

वहिनी इस्पितळाच्या लाँड्रीत होती. लाँड्री तळघरात. खिडक्या नाहीत, वाफ भरपूर, आणि चाकांच्या गाड्यांतून दिवसभर खाली येणाऱ्या चादरी. लग्नाआधी ती तिथे लागली आणि केस पिकेपर्यंत तिथेच राहिली. नव्या बाईला तिथे दोन गोष्टी आधी शिकवत. मळलेली चादर झटकायची नाही. डाग आत घ्यायचा, कडा त्यावर दुमडायच्या आणि मगच उचलायची. दुसरं म्हणजे, चादरीवर काय दिसलं ते वर जाऊन कोणाला सांगायचं नाही. वर कोणी बडा साहेब असो नाहीतर हमाल, अंथरुणात त्याची काय गत झाली हे तळघरातल्या बायकांना कळायचं, आणि त्या तोंडाला कुलूप लावून घरी जायच्या.

घरी आल्यावरही हिचे हात थांबत नसत. तिच्या घरी चहाचा शेवटचा घोट कोणाच्या नशिबी आला नाही; कप जरा खाली टेकवला की गेलाच विसळायला. पेपरचं पान उलटायच्या आत पेपर रद्दीत. माझा भाऊ तिला 'इस्त्री' म्हणायचा. "इस्त्री आली, पाय वर घ्या," असं तो ओरडला की सगळ्यांनी पाय वर घ्यायचे आणि हिनं खालून केर काढायचा, असा त्यांचा संसार.

दादा एका मोठ्या हॉटेलात हेड वेटर होता. त्याचा पांढरा शर्ट म्हणजे आमच्या घरातला एकमेव दागिना. कॉलरला बोट लावलं तर टोचेल इतका कडक. गिऱ्हाईक कितीही तापलेलं असलं तरी समोर स्वच्छ शर्ट उभा राहिला की आवाज खाली येतो, असं तो सांगायचा. शेवटच्या आजारात मागच्या खोलीत पडून राहिला तेव्हासुद्धा, लेक येणार असं कळलं की आधी दाढी आणि शर्ट. वहिनी त्याला उठवून, उशांना टेकवून, बटणं लावून द्यायची. लेक येऊन बघायची तर बाप आपला टेबलाची ऑर्डर घ्यायला निघाल्यासारखा बसलेला. तिला वाटायचं, बाबांना बरं वाटतंय. ती दुसऱ्या शहरात एका स्टुडिओत जाहिराती कापायचं-जोडायचं काम करायची, आणि निश्चिंत मनानं परत जायची.

दादा पहाटे गेला. लेक दुपारी पोहोचली. पुढच्या खोलीत दादा होता, अंघोळ घातलेला, भांग पाडलेला, अंगात शर्ट. पण मागची खोली रिकामी होती. गादी नाही, उशी नाही, औषधं नाहीत, त्याचा टॉवेल नाही. खिडक्या सताड उघड्या, फरशी ओली, फिनेलचा वास. मलाही निरोप उशिराच आला होता; तासाभरापूर्वी येऊन ते बघून मी स्वतः हबकले होते. भाऊ गेल्याला अर्धा दिवस झाला नव्हता आणि त्या खोलीत कधी कोणी राहत होतं असं वाटत नव्हतं.

भाची दारात उभी राहून म्हणाली, "आई, माझ्यासाठी थांबली का नाहीस? एक उशी तरी ठेवायचीस."

वहिनी म्हणाली, "आधी दोन घास खाऊन घे."

झालं. त्या दोन घासांनी मायलेकींमध्ये जी भिंत उभी राहिली, ती पुढे कित्येक वर्षं पडली नाही. भाची गावात आली की उतरायची माझ्याकडे, एक गल्ली सोडून. आईकडे पाहुण्यासारखी जायची, बसायची, कप तोंडाला लावेपर्यंत उचलला गेला की निघायची. प्रत्येक वेळी एकदा तरी विचारायची, "का आवरलंस गं?" वहिनी उठून ओटा पुसायला लागायची. खरं सांगायचं तर रागावले मीही होते. भाऊ माझाही होता. पण मी वहिनीला निदान चार शब्द सुनावून मोकळी झाले होते. पोरगी आतल्या आत कुढत राहिली.

मग एके दिवशी तिनं सांगितलं की ती सिनेमा करतेय. कोणी निर्माता नाही, बडे नट नाहीत. स्टुडिओतले चार मित्र आणि त्यांचा उसना कॅमेरा. गोष्ट काय? बाप गेल्यावर उशिरा पोहोचलेली मुलगी, आवरलेली खोली, आणि उत्तर न देणारी आई. मी कपाळाला हात लावला. घरोघरी मातीच्या चुली, पण आपली चूल कोणी चौकात नेऊन मांडत नाही. त्यावर कडी म्हणजे तिला शूटिंगला घर आईचंच हवं होतं.

संहितेची प्रत तिनं वहिनीला वाचायला दिली. दोन दिवसांनी आम्ही दोघी गेलो, तर प्रत टेबलाच्या कोपऱ्याला कोपरा जुळवून ठेवलेली.

"वाचलंस?"

"वाचलं. टायपिंग छान आहे." मग वहिनीनं विचारलं, "यात बाबांना आजारी दाखवणार का?"

"नाही. बाबा दिसतच नाहीत. फक्त त्यांची खोली."

"मग घ्या घर. पायपुसण्याला पाय पुसून आत यायचं, एवढं सांग तुझ्या लोकांना."

शूटिंग सुरू झालं आणि दुसऱ्याच दिवशी बोंब झाली. सिनेमावाल्यांनी मागची खोली आजाऱ्याची म्हणून सजवली होती. चुरगळलेली चादर, रिकाम्या बाटल्या, अर्धवट संपलेला पाण्याचा पेला, खुर्चीवर टाकलेले कपडे. एक शॉट झाला, मंडळी चहाला बाहेर आली. परत जाऊन बघतात तर चादर ताणून बसवलेली, बाटल्या उंचीप्रमाणे रांगेत, कपड्यांच्या घड्या. पेला धुऊन पालथा. वहिनी दारात फडकं पिळत उभी. "बसा आता स्वच्छ जागेत," म्हणाली.

त्यांच्यात एक मुलगी होती, तिचं काम एवढंच की आधीच्या शॉटमध्ये कोणती वस्तू कुठे होती त्याचे फोटो काढून ठेवायचे आणि पुन्हा सगळं तसंच मांडायचं. ती बिचारी रडकुंडीला आली. ती पसरायची, वहिनी आवरायची. वहिनीला माझ्या घरी पाठवून दिलं तर दूध तापवायचं राहिलंय म्हणून परत. दाराला कडी लावली तर, "माझ्या घरात मलाच कडी?" म्हणून रुसवा. कॅमेरावाला मोठ्या दाढीचा आणि मोठ्या मनाचा होता, तो म्हणाला, "जाऊ दे, जे आहे ते घेऊ." भाचीनं दात-ओठ खाल्ले आणि तसंच घेतलं. त्यामुळे त्या सिनेमात एक बाई बोलता बोलता खिडकीकडे वळते आणि परत वळते तोवर तिच्या मागची खोली लख्ख झालेली असते.

एक दिवस मात्र विनोदाचा नव्हता. आईनं खोली रिकामी करायचा तो मुख्य प्रसंग होता. आईचं काम करायला रंगभूमीवरची एक अनुभवी बाई आली होती. तिनं पलंगावरची चादर ओढली आणि फाडकन झटकली. तोच कॅमेरा चालू असताना वहिनी बोळातून सरळ आत शिरली. त्या बाईच्या हातातून चादर घेतली, उजेडाकडे धरली, उलटी करून दुसऱ्या बाजूनंही पाहिली. मग तिच्या हातात परत दिली. "ठीक आहे. चालू द्या," म्हणाली आणि गेली.

भाचीचा तोल सुटला. "आई, इथेही तुला धुणंच दिसतं का गं? माणूस गेलंय या गोष्टीत!"

वहिनी स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांसाठी भात लावायला लागली. मी तिच्या मागे गेले, तर ती धुतलेलेच तांदूळ पुन्हा पुन्हा धूत होती. मी विचारलं, "बरं वाटत नाही का?" तर म्हणाली, "वन्सं, ते झाकण द्या." मी झाकण दिलं.

सिनेमा तयार झाला. पुढे बराच काळ त्याला कोणी विचारलं नाही. शेवटी लांबच्या एका गावातल्या छोट्या महोत्सवात त्याला जागा मिळाली, आणि भाची हट्टानं आईला आणि मला घेऊन गेली. तिला काय हवं होतं ते मला पक्कं माहीत होतं. तिला बक्षीस नको होतं. अंधारात बसून आईनं तो प्रश्न पडद्यावर ऐकावा आणि मग एकदाचं उत्तर द्यावं, यासाठी तिनं हा सगळा घाट घातला होता.

सभागृह अर्धं रिकामं होतं. सिनेमाभर वहिनी ताठ बसून होती. फक्त शेजारच्या माणसानं वेफर्सचं पाकीट खाली टाकलं तेव्हा तिनं ते उचलून घडी करून पर्समध्ये ठेवलं. दिवे लागल्यावर टाळ्या बऱ्या पडल्या. मग चर्चा. एका चष्मेवाल्या गृहस्थांनी उठून सांगितलं की आपोआप स्वच्छ होत जाणारी ती खोली हे दिग्दर्शिकेचं फार मोठं यश आहे, स्मृती कशी पुसली जाते ते याहून प्रभावीपणे त्यांनी कुठे पाहिलं नाही. आमच्याबरोबर आलेल्या दाढीवाल्या कॅमेरावाल्यानं अशी मान हलवली की जणू हे सगळं त्यानंच योजलं होतं. मी तोंडाला रुमाल लावला.

मग एक तरुण बाई उठली. "त्या आईचा मला संताप आला. मुलीसाठी ती थांबली का नाही?"

भाचीनं माईक घेतला. "ते मलाही माहीत नाही. म्हणून तर सिनेमा केला. माझ्या आईचं माझ्या बाबांवर प्रेम होतं की नाही, हेसुद्धा मला आता सांगता येणार नाही."

वहिनी माझ्या शेजारी होती. तिनं पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली.

बाहेर कँटीनमध्ये आम्ही तिघी चहा घेऊन बसलो. भाचीनं विचारलं, "कसा वाटला?"

"चादर स्वच्छ दाखवलीस ते बरं केलंस," वहिनी म्हणाली.

"आई!"

"तुझी स्वच्छ होती. त्या दिवशीची नव्हती." वहिनीनं कप खाली ठेवला. आवाज नेहमीसारखाच, दूध संपलंय असं सांगावं तसा. "आदल्या रात्री त्यांना जुलाब लागले. उलट्या झाल्या, रक्ताच्याही. गादी, उशी, भिंत, काही शिल्लक राहिलं नाही. मी एकीकडून पुसायची आणि दुसरीकडून व्हायचं. ते रडत होते. दुखत होतं म्हणून नाही. लाज वाटत होती. म्हणाले, 'पोरगी निघालीय. तिला यातलं काही दिसता कामा नये. वाससुद्धा नको. शब्द दे.' दिला मी. मग पहाटे गेले. तू यायच्या आत सगळं करायचं होतं."

भाचीनं कप बाजूला सारला. म्हणाली, "उशी..."

"धुतली होती गं. दोनदा धुतली. निघेना."

"मग मला सांगायचं नाहीस? एवढी वर्षं मी तुला काय काय बोलले!"

"सांगितलं असतं तर तुझ्या डोळ्यांसमोर आलंच असतं. दाखवल्यासारखंच की ते. आत्ता आलं ना?"

भाचीनं मान हलवली.

"तेच नको होतं त्यांना."

"मग आज का सांगितलंस?"

"माझं त्यांच्यावर प्रेम नव्हतं असं तू म्हणालीस. तेवढं नको म्हणूस."

मी आजवर पुष्कळ मयती पाहिल्या आहेत. नवरा गेला की बाई रडते, चारजणी तिला धरतात, पाणी पाजतात. या बाईनं एकटीनं, कोणाला हाक न मारता, नवऱ्याला धुतलं, भिंत धुतली, गादी बाहेर नेली आणि मग शर्टाला इस्त्री केली. तिला रडायला सवडच मिळाली नव्हती, आणि दुपारी आम्ही दोघी तिच्यावर डाफरायला हजर. मला भावासाठी रडू आलं, पण त्याहून जास्त तिच्यासाठी आलं. कँटीनमधली माणसं बघत होती, बघू देत म्हटलं.

भाचीनं खुर्ची ओढून आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. लहानपणानंतर मी ते पहिल्यांदा पाहिलं. थोड्या वेळानं डोळे पुसून ती म्हणाली, "आई, मी शेवट बदलते. आपण एक प्रसंग नव्यानं घेऊ. तू काय केलंस ते लोकांना कळू दे. आता जो तो तुला दगड म्हणणार."

"नाही."

"अगं, पण तुझ्यावर अन्याय..."

"तुला लेक म्हणून सांगितलं. लोक त्यांचे कोण लागतात?"

मीही मध्ये तोंड घातलं. "वहिनी, पण निदान आपल्या गल्लीत तरी..."

"वन्सं, चहा झाला ना तुमचा?" म्हणून तिनं माझा कप उचलला. तो झाला नव्हता.

त्या दिवसापासून भाची आईकडे उतरायला लागली. माझी पाहुणी गेली, पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. सिनेमाला कसलंसं उत्तेजनार्थ पारितोषिक मिळालं. पेपरात छापून आलं, 'भावनाशून्य आईचं विदारक चित्रण'. आमच्या भागातल्या थिएटरला तेवढ्यानं जाग आली आणि एका रविवारी सकाळी तिथे खेळ लागला. दोन दिवस आधी भाची माझ्याकडे आली. म्हणाली, "आत्या, इथे सगळे ओळखीचे. कोणी ना कोणी तो प्रश्न विचारणारच. मी काय सांगू?" मी म्हटलं, "खरं सांग." मी तेव्हाही तेच म्हटलं आणि आता तेच करतेय. दादानं शब्द वहिनीकडून घेतला होता, माझ्याकडून नाही. आणि ती दोघंही आता लाजेच्या पलीकडे गेली आहेत.

थिएटर भरलं होतं. शेजारपाजार, दादाच्या हॉटेलातले जुने वेटर, लाँड्रीतल्या निवृत्त बायका एका रांगेत. वहिनी मधल्या ओळीत, मी तिच्या शेजारी. चादर झटकायचा प्रसंग आला तेव्हा मागच्या रांगेतली एक बाई मोठ्यानं म्हणाली, "असली आई वैऱ्यालाही मिळू नये!" मी वळून तिला उत्तर देणार, तेवढ्यात वहिनीनं माझा दंड धरला. इस्पितळाच्या ओल्या चादरी पिळलेला हात होता तो. मी पुन्हा पडद्याकडे तोंड केलं.

खेळ संपला, भाची पडद्यापुढे आली. तिला कोणी फुलं दिली, कोणी लांबण लावली. मग दादाचा एक जुना सोबती उठला. चांगला माणूस. "बेटा, तुझे बाबा आमच्यात देवमाणूस होते. त्यांच्या वस्तूंची अशी वासलात का लावली? आता तरी कळलं का तुला?"

सगळ्यांनी माना वळवून वहिनीकडे पाहिलं. एवढ्या लोकांसमोर तिची बाजू मांडायची ती वेळ होती. दोन वाक्यं पुरली असती, आणि तीच माणसं तिच्या पाया पडली असती. भाचीच्या ओठांवर ती वाक्यं आलेली मला दिसली. तिनं आईकडे पाहिलं. वहिनी तिच्याकडेच बघत होती. मान हलवली नाही, डोळ्यांनी खुणावलं नाही, फक्त माझा दंड सोडला नाही.

"नाही काका," भाची म्हणाली. "आईनं मला कधीच सांगितलं नाही."

वहिनीची पकड सैल झाली.

लोक हळहळत उठले. बाहेर पायऱ्यांवर आम्ही भाचीची वाट बघत थांबलो, तर समोरच्या घरची शेजारीण वहिनीपाशी आली. तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "मला तर बघवेना हो. पोटच्या पोरीनं अशी अब्रू चव्हाट्यावर मांडावी म्हणजे काय!"

"माझीच मांडली ना?" वहिनी म्हणाली. "मग असू दे."